एकोणीस दिवसांचा पाऊस

रामहरी लाळगेच्या घरात माठाशेजारच्या कोनाड्यात चार कॉम्प्युटर आहेत. कॉम्प्युटर म्हटलं की माणसं टेबल, पडदा, बटणं शोधतात. इथं तसलं काही नाही. तळहातावर मावतील अशा चार हिरव्या पाट्या, एकीवर एक रचलेल्या. प्रत्येकीवर एक लाल दिवा कायम लागलेला आणि एक हिरवा, मिचमिचणारा. चौघी मिळून एका बल्बाएवढी वीज खातात. पत्र्यावर सोलर आहे, खाली जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी. त्यामुळं कर्जतची लाईट गेली तरी त्यांचं काम थांबत नाही. एप्रिलात पत्रा तापतो तेव्हा त्यांच्यावर एक बोटभर पंखा फिरतो. माठाशेजारची जागा रामहरीच्या बायकोनं, झुंबरबाईनं दिली. "पाव्हना उन्हातनं आल्यावानी तापतंय ते," ती म्हणाली होती. "बसवा पान्याजवळ."

ही यंत्रं करतात काय, ते गल्लीत कुणाला नीट सांगता येत नाही. दूरदेशीच्या एका विद्यापीठानं मागच्या सत्तर वर्षांचं जगाचं हवामान दिवसादिवसानं पुन्हा गणितात मांडायला घेतलंय. गणित एवढं मोठं की त्यांच्या स्वतःच्या यंत्रांना ते झेपत नाही. म्हणून त्याचे लाखो तुकडे करून जगभरातल्या घरांना वाटून दिलेत. ज्याला वाटेल त्यानं तुकडा घ्यावा, आपल्या कॉम्प्युटरकडून सोडवून परत पाठवावा. एकच तुकडा दोन वेगळ्या घरांना जातो. दोन्ही उत्तरं जुळली तरच तो खरा धरतात. एकेका महिन्याचं गणित सुरुवातीत बारीक फरक करून पुन्हा पुन्हा नव्या घरांना वाटलं जातं. मोठ्या कॉम्प्युटरला एका तुकड्याला दोन तास लागत असतील. रामहरीच्या पाटीला अकरा दिवस लागतात. मुदत चाळीस दिवसांची असते, आणि चार वर्षांत त्यानं एकही मुदत चुकवली नाही.

"नाना, ह्यातनं निघतं काय?" लोक विचारत.

"पाऊस."

"मंग सोडा की जरा आमच्या रानात."

लोक हसत. रामहरी हसत नसे. आपली एक चूक कुणीतरी पकडावी, एवढ्यासाठी त्यानं हे सगळं चालवलं होतं, आणि ते त्यानं कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

नोकरीत तो पावसाचा मोजणीदार होता. कर्जतपासून अकरा किलोमीटरवर एक पाझर तलाव आहे. त्याच्या भिंतीजवळ, तारेच्या कुंपणात, सरकारी पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठला कुंपणाचं कुलूप काढायचं, पत्र्याचं नरसाळं उचलायचं, आतल्या बाटलीत साचलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, वाकून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, आकडा वाचायचा आणि रजिस्टरात लिहायचा. पाऊस नसला तरी जायचं. न पडलेला पाऊसही लिहावाच लागतो, आणि या भागात वर्षाचे तीनशेवर दिवस तोच लिहावा लागतो. बत्तीस वर्षं रामहरीनं हे केलं. एकोणीस दिवस सोडून.

मुलगी रेश्मा तेव्हा दोन वर्षांची होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झुंबरबाईचं अपेंडिक्स पोटातच फुटलं. जीपमध्ये घालून तिला नगरला नेलं. एकोणीस दिवस रामहरी दवाखान्यात तिच्या खाटेखाली सतरंजी टाकून राहिला. रजेचा अर्ज, कुंपणाची किल्ली दुसऱ्याकडं देणं, कशाचं भान राहिलं नाही. विसाव्या दिवशी तो बायकोला घरी घेऊन आला. ती वाचली होती.

तालुक्याच्या ऑफिसात तेव्हा एकच विषय चालला होता. शेजारच्या पर्जन्यमापन केंद्रावरच्या आबासाहेबानं त्याच महिन्यात, तापानं पडला म्हणून, चार दिवस कोरे सोडले होते. 'वाचन घेतले नाही' असं सरळ लिहून खाली सही केली होती. त्याला मेमो मिळाला. साहेबानं त्याला भर मीटिंगमध्ये उभं केलं आणि विचारलं, "तुमच्या तापासाठी पाऊस थांबला होता का?" चार दिवसांसाठी एवढं. रामहरीचे एकोणीस होते.

तो तलावावर गेला. दोन्ही बाजूंची बाजरी पार करपून गेली होती. बाटलीत बोटभर पाणी होतं, त्यात मुंग्या मरून पडलेल्या. ते एकोणीस दिवसांचं खरं पाणी होतं. कुठल्या दिवशी किती पडलं ते आता कळणार नव्हतं, पण बेरीज कळली असती. त्यानं बाटली उजेडाकडं धरली. खरी बेरीज लिहिली तर एकोणीस दिवस आपण इथं नव्हतो हे कबूल करावं लागणार. त्यानं ते पाणी मापात न ओतता कुंपणाबाहेर फेकून दिलं. मातीनं ते तेवढ्यात पिऊन टाकलं.

मग तलावावरच्या सरकारी खोलीत जाऊन त्यानं मागच्या वर्षीचं रजिस्टर उघडलं आणि त्या ऑगस्टचे आकडे तीन दिवस पुढं सरकवून या ऑगस्टात उतरवले. मागचं वर्ष पावसाचं होतं. सहा. अकरा पॉइंट चार. शून्य. तेवीस. दोन पॉइंट दोन. एका बैठकीत लिहिलंय हे दिसू नये म्हणून त्यानं मधेमधे पेन बदललं. महिनाअखेर रजिस्टर तालुक्याला गेलं. कुणी काही विचारलं नाही.

पहिली काही वर्षं तो घाबरून होता. नंतर भीती गेली, आणि तिच्या जागी जे आलं त्याला नाव नव्हतं. आपण फेकलेल्या पाण्याच्या जागी कागदावर एक पाऊस पडलाय आणि तो कधीच वाळणार नाही, एवढंच त्याला कळत होतं. रिटायर झाल्यावर ते वाढलं. सकाळी साडेआठ वाजले की हात मोकळे वाटत, आणि मोकळ्या हातांना तेच आठवे.

रेश्मा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिच्या ऑफिसातल्या पाहुण्यांच्या खोलीतले टीव्ही या छोट्या पाट्यांवर चालत. नवं सामान आलं तेव्हा चार पाट्या तिनं बापासाठी उचलून आणल्या. "नाना, तुमचं तुमच्या पावसाशीच काम आहे," म्हणून तिनं त्या विद्यापीठाच्या कामात त्याचं नाव घातलं. कुठल्या प्रदेशाचे तुकडे हवेत ते निवडता येतं. रामहरीनं आपलाच कोरडा पट्टा निवडला. तुकडा आला की त्यात कुठल्या केंद्राचे कुठले आकडे घेतलेत ते जोडलेल्या टीव्हीवर वाचायला मिळतं. वर्ष मात्र निवडता येत नाही. तो वाट बघू लागला. त्याचा हिशेब सरळ होता. एका वर्षाचा पाऊस दुसऱ्या वर्षी तसाच्या तसा, तीन दिवस सरकून पडत नाही. माणसाच्या नजरेतून ते सुटलं. यंत्राच्या सुटणार नाही. यंत्र कुठंतरी अडेल, कुणीतरी विचारेल, आणि आपल्याला उत्तर देता येईल.

चार वर्षं गेली. या जानेवारीत, एका सकाळी, तो तुकडा आला. तेच वर्ष, तोच ऑगस्ट. केंद्रांच्या यादीत त्याच्या तलावाचं नाव, आणि त्याखाली ते एकोणीस आकडे. तेहेतीस-चौतीस वर्षांनी ते पाहून त्याला एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसानं भर रस्त्यात हाक मारल्यासारखं झालं.

अकरा दिवस तो कोनाड्यासमोर खुर्ची टाकून बसला. "अंडी घातलीत का तिथं?" झुंबरबाई विचारायची. हिरवा दिवा मिचमिचत राहिला. गणित सहा तारखेच्या पुढं गेलं, तेवीस मिलिमीटरच्या दिवसापुढं गेलं, न अडखळता महिन्याच्या शेवटाला पोहोचलं. उत्तर गेलं. दोन दिवसांनी फिनलंडमधल्या कुणाचं तरी उत्तर आलं. पडद्यावर ओळ उमटली. उत्तरं शेवटच्या अंकापर्यंत जुळली होती. तुकडा ग्राह्य धरला होता.

रामहरी बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिला. एक यंत्र कर्जतला माठाशेजारी, दुसरं कुठल्या बर्फाच्या देशात. एकमेकांना न पाहिलेली, एकमेकांशी न बोललेली दोन यंत्रं, कधीच न पडलेल्या पावसाबद्दल एकमतानं साक्ष देत होती. ती खोटं बोलत नव्हती. बेरीज बरोबर आहे एवढंच ती तपासत होती. पाणी फेकलं गेलं का ते तपासणारं यंत्र कुठंच नव्हतं.

त्या दिवशी त्यानं बायकोला सांगितलं. ती शेंगा फोडत होती.

"ते एकोनीस दिवस खोटे हायेत. तू नगरला हुतीस तवाचे."

तिनं पुरतं ऐकून घेतलं. "मंग? मला खाटंवर टाकून बाटली मोजाया यायचं हुतं का तुमी?"

"तसं न्हाई गं."

"तसंच की. मी मेली असती तं रजिस्टर बराबर राह्यलं असतं." ती हसली, आणि शेंगदाणा त्याच्या हातावर ठेवला. "अवो, आभाळच इतकी वर्षं खोटं वागतंय. तुमच्या एकोनीस दिसांनी काय हुतंय?"

त्यानं दाणा चावला. तू घरी आल्यावर, तू वाचल्यावर मी ते पाणी फेकलं, हे त्याच्या तोंडून निघालं नाही. तिनं आपल्या आजारपणाचं पांघरूण त्याच्यावर घातलं होतं, आणि ते तिच्या अंगावरून ओढून घेतल्यासारखं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या आठवड्यात तो आपल्या जुन्या ऑफिसात गेला. आकड्यांचं काम आता देवश्री नावाच्या तरुण बाई बघत. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला.

"काका, मूळ रजिस्टर आहे का तुमच्याकडे?"

"ते तुमच्याकडंच असंल."

"जुनी वाळवीनं खाल्ली. राहिलेली रद्दीत गेली. कॉम्प्युटरवर चढले तेवढेच आकडे आता आहेत."

"मंग तिथंच दुरुस्त करा, मॅडम."

"दुरुस्तीला मूळ नोंद दाखवावी लागते."

"मूळ नोंदच खोटी हाय."

"खोटी असली तरी मूळ लागते, काका." त्या चेष्टा करत नव्हत्या. थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "बरं, समजा करायचीच झाली. मग खरा आकडा काय टाकू?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून रामहरी चार वर्षं थांबला होता. उत्तर मातीत गेलेलं होतं.

"कोरं सोडा," तो म्हणाला.

"एकदा भरलेलं कोरं करता येत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि हे लेखी देऊ नका. दिलंत तर मला चौकशी लावावी लागेल, आणि त्यात निघणार काहीच नाही. चहा घ्या, गार होतोय."

राहिलं विद्यापीठ. रेश्माला त्यानं फोनवर सगळं सांगितलं, बाटलीचंसुद्धा. ती म्हणाली, "नाना, तुमच्या जागी कुणीही हेच केलं असतं."

"आबासाहेबानं न्हाई केलं."

तिनं इंग्रजीत पत्र लिहून पाठवलं. दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. नऊ दिवसांनी उत्तर आलं, ते तिनं फोनवर मराठीत सांगितलं. त्यांनी फार आपुलकीनं लिहिलं होतं. छोट्या यंत्रांवर इतकी वर्षं काम करणारे फार थोडे आहेत, त्यांत वडिलांचं नाव आहे. आकड्यांबद्दल लिहिलं होतं की सरकारी ऑफिसकडून दुरुस्ती आली तर ते जरूर घेतील; एका माणसाच्या पत्रावर बदल करता येत नाही. वडिलांचं केंद्र त्यांच्या सगळ्या चाचण्यांत उतरलंय. उलट त्या कोरड्या पट्ट्यात एकही दिवस न गाळलेलं ते एकमेव केंद्र आहे. म्हणून आजूबाजूच्या केंद्रांच्या गाळलेल्या जागा त्याच्यावरूनच भरतात.

"आजूबाजूच्या म्हंजी कुठल्या?" रामहरीनं विचारलं.

रेश्मानं नावं वाचली. तिसरं नाव आबासाहेबाच्या केंद्राचं होतं.

"का हो, नाना?"

त्यानं फोन ठेवला आणि टीव्ही लावला. तो तुकडा अजून पाटीवर होता. आजवर त्यानं त्यात फक्त स्वतःचे आकडे बघितले होते. आता खाली गेला. आबासाहेबाचा ऑगस्ट. चार दिवसांपुढं एक बारीक खूण, आणि आकडे: पाच पॉइंट सात. दहा पॉइंट आठ. शून्य. एकवीस पॉइंट नऊ. हे त्याचेच आकडे होते, अंतराच्या मानानं थोडे कमी केलेले. मेमो खाऊन, भर मीटिंगमध्ये उभं राहून एका माणसानं जी जागा कोरी ठेवली होती, तिच्यात रामहरीचा पाऊस पडत होता.

हे निदान त्या एका माणसाला तरी सांगायचं, असं ठरवून तो मंगळवारी राशीनच्या एसटीत बसला.

आबासाहेब राशीनच्या अलीकडं वस्तीवर राहतो. वय एकोणऐंशी. छपरीत बाजेवर बसून तो ज्वारीची कणसं चोळत होता, शेजारी हुरड्याची ताटली.

"आरं, एकबी दिवस न चुकलेला मानूस आला," तो ओरडला. "मोनिका, पानी आन! रामहरी लाळगे म्हन्त्यात ह्यांना. बत्तीस वर्सं खाडा न्हाई. आन् आमी कोरेसाहेब!"

ऑफिसात त्या मेमोनंतर त्याला तेच नाव पडलं होतं. त्याची सून मोनिका पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "नाना, आता मेमोची गोष्ट ऐकावी लागंल तुमाला. जेवूनच जा, लई लांब हाय ती."

त्यानं ती सांगितली. साहेबाचा आवाज काढून सांगितली. मग हुरडा रामहरीच्या पुढं सरकवून, आवाज उतरवून म्हणाला, "पर तुला सांगतो, रामहरी. आता मागं वळून बघतो तं नोकरीत धड असं काय केलं? पेन्शन घ्येतली, झालं. त्ये चार दिवस कोरं सोडलं, तेवढंच एक काम माझ्या हातनं नीट झालं."

रामहरीनं हुरड्याचे दाणे तळहातावर घेतले.

"तुज्या त्या मशिनीत सगळा जुना पाऊस हाय म्हनं. माझं केंद्रबी हाय का?"

"हाय."

"त्या चार दिसांला काय केलं त्यांनी? फॉरेनची मान्सं, त्यांनी कोरंच ठिवलं आसंल ना?"

हेच सांगायला तो आला होता. वाक्य त्यानं एसटीत तीनदा जुळवलं होतं. त्यानं आबासाहेबाकडं बघितलं. म्हाताऱ्यानं कणीस चोळायचं थांबवलं होतं.

"कोरंच हाय," रामहरी म्हणाला. "चारीबी दिवस."

"ऐकलं का गं, मोनिका!" आबासाहेबाचा आवाज चिरकला. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि पुसल्याचं लपवायला मोठ्यांदा खोकला. "आपला साहेब असता तं त्याला दाखवलं असतं." मग एकदम म्हणाला, "मलाबी एक लावून दे तसलं. लई वीज खात न्हाई म्हन्तोस ना? मीबी करतो गनित. रिकामाच बसलोय."

नाही म्हणायला रामहरीजवळ कारण नव्हतं. जे होतं ते सांगता येत नव्हतं.

आठ दिवसांनी चारातली एक पाटी जुन्या टॉवेलात गुंडाळून तो पुन्हा वस्तीवर गेला. टीव्हीच्या फळीवर ती बसवली, वायर जोडली, आबासाहेबाचं नाव घातलं. प्रदेश विचारला तेव्हा म्हातारा म्हणाला, "आपलाच. दुसऱ्याच्या पावसाचं मला काय?" थोड्या वेळानं पहिला तुकडा आला. हिरवा दिवा मिचमिचू लागला. आबासाहेबानं चष्मा लावला आणि बाज ओढून समोर बसला.

"कोन्चं वरीस आलं?"

"लई जुनं. आपल्या नोकरीच्या आधीचं."

"आन् आपलं?"

"येईल कवातरी. ते आपल्या हातात नसतं."

"येऊ दे. आला की मला वाचून दाखवायचं, मोनिका. चार दिवस कोरे. तेवढं डोळ्यानं बघतो आन् मंग जातो." तो हसला. "तवर काय मी जात न्हाई."

परतीच्या एसटीत रामहरी खिडकीशी बसला. त्याच्या स्वतःच्या वाट्याला तो ऑगस्ट यायला चार वर्षं लागली होती. चारही यंत्रं चालू असताना. आबासाहेबाकडं एकच होतं. त्यानं म्हाताऱ्याच्या वयात वर्षं मिळवून पाहिली, पुन्हा पाहिली. तो तुकडा म्हातारा असेपर्यंत येऊ नये, असं त्याच्या मनात आलं. म्हणजे आपण काय मागतोय, हे त्याला कर्जत यायच्या आतच कळलं. तरी ते मागणं त्यानं मागं घेतलं नाही.